घोडी परत करावी

आमच्या घरात कुणालाच पोहता येत नाही.
आईचे पणजोबा, नील्स एर्सन,
ओंडके वाहून नेताना नदीत गेले,
हे आम्हाला भाषेच्याही आधी कळलं असावं.
एप्रिलअखेर नदीवरचा बर्फ कडकडून फुटला
की आई खिडकी लावून घ्यायची
आणि मेणबत्ती पेटवायची.
एकच. बुटकी.

निवृत्त झाल्यावर मी नील्सला शोधायला बसले.
एकतीस वर्षं लोकांच्या दातांचे साचे केले,
बारीक खाचा वाचायची डोळ्यांना सवय आहे.

चर्चच्या वहीत घरटी एक पान.
पाद्री दर हिवाळ्यात यायचा, चुलीपाशी बसायचा,
कुणाला वाचता येतं, किती पाठ आहे, विचारायचा
आणि नावापुढे खुणा करायचा.
मेर्ता यॉन्सदोत्तर, बायको. वाचन कच्चं.
मुलगा एरिक, पाच वर्षं. देवी येऊन गेल्या.
मुलगी ब्रिता. डावा कान बहिरा.

मेलेल्याच्या नावावर तो रेघ मारायचा,
गाव सोडून गेलेल्याच्याही.
नील्सच्या नावावर रेघ नाही.
मी पानं उलटत गेले, सत्तर, एकाहत्तर,
शाई बदलली, पाद्री बदलला,
ब्रितावर रेघ आली,
नील्स तसाच, जणू जेवायला बसलाय.
आणि मेर्तापुढे दर साली ‘बायको’.
‘विधवा’ कुठेच नाही.
समासात, माशीच्या पायांएवढ्या अक्षरांत :
ठावठिकाणा नाही.

मृतांची वही मी तीनदा पाहिली.
त्या वर्षी नदीने नेले ते दोघे,
एक तेरा वर्षांचा पोर,
आणि एक अनोळखी इसम, पायात लाल मोजे.
लाल मोज्यांपाशी दोन दिवस रेंगाळले.
मग वाटलं, मेर्ताचं विणकाम
गावाने ओळखलं नसतं का?

जिल्ह्याचं जुनं साप्ताहिक फिल्मवर आहे,
वाचनालयाच्या तळघरात.
यंत्राची मूठ फिरवली की आठवडे भरधाव पळतात,
हेरिंगचे भाव, लिलाव, कुणाची तरी विसरलेली छत्री.
आठव्या दिवशी मूठ थांबली.
ऑक्टोबर अडुसष्ट, चौथं पान,
दाढदुखीच्या थेंबांच्या जाहिरातीखाली :

‘माझा नवरा नील्स एर्सन घर सोडून गेला आहे.
यापुढे त्याने केलेल्या कर्जास मी बांधील नाही.
त्याने तपकिरी घोडी नेली आहे,
मागचा डावा पाय पांढरा,
हाक मारली तर येते.
कोणास आढळल्यास घोडी परत करावी.’

ओळीमागे पैसे पडायचे.
पिठात झाडाची साल मिसळायचे दिवस,
आणि वाचन कच्चं असलेल्या या बाईने
कुणाला तरी सांगून, नाणी मोजून,
‘हाक मारली तर येते’
ही आख्खी ओळ विकत घेतली.
नवरा परत करावा, असं कुठे नाही.

मग नदी कधी आली?
कुठल्या रात्री पोराने विचारलं
आणि तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं?
ते ना वहीत, ना फिल्मवर.
घरी येताना मी पोहण्याच्या तलावाचा फॉर्म आणला.
अजून भरलेला नाही.

आई एक्क्याण्णवची आहे.
रविवारी गेले, कागदाची चौघडी पिशवीत.
‘बर्फ फुटला?’
‘फुटला.’
‘खिडकी?’
‘लावली.’
कागद काढलाच नाही. नुसतं विचारलं,
आई, आपल्याकडे कधी घोडी होती का गं?

‘होती की. एरिकआजोबा सांगायचे.
परत आली होती ना ती,
पहाटे, एकटीच, दारात उभी.
ओलीचिंब.’

आणि मेणबत्ती कुठे ठेवलीस म्हणून
माझ्यावर चिडली.